जयंतीच्या रात्रीचा कॅमेरा

मंडळांच्या वार्षिक अहवालात शेवटची दोन पाने फोटोंची असतात. दिवसाचे फोटो बरे येतात. रात्रीच्या कार्यक्रमात मात्र व्यासपीठ तेवढे झळकते आणि समोरची माणसे अंधारात बुडालेली असतात. १३ एप्रिलच्या रात्री बारा वाजता कोल्हापूरच्या बिंदू चौकात जमणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पटेल. ९ डिसेंबर १९५० रोजी, बाबासाहेब हयात असताना, तेथे त्यांचा पुतळा बसला. त्या पुतळ्यासमोर आमच्या कळंब्याची माणसे मेणबत्त्या घेऊन उभी असतात आणि फोटोत मेणबत्त्यांच्या फक्त पिवळ्या ठिपक्या उमटतात. एका वर्षी मोबाईलवरचे फोटो पाहून वस्तीतील एक आक्का म्हणाल्या, "बाळा, झेंडा दिसतोय, दिवं दिसत्यात. आमी कुठं हाय त्यात?"

त्यावर मंडळाने कॅमेरा घ्यायचे ठरवले. वर्गणीची शिल्लक पंचेचाळीस हजार. आम्ही पडलो कारकून, आकडे आमच्या हातचे, म्हणून निवडीचे काम आमच्याकडे आले.

दुकानात पहिला आकडा सांगतात तो मेगापिक्सेलचा. रात्रीच्या कामाला हा आकडा जवळजवळ निरुपयोगी. सोनी कंपनीने २०१४ साली अंधारातील चित्रणासाठी ए-७एस हा कॅमेरा काढला तो अवघ्या १२ मेगापिक्सेलचा, आणि त्याच मालिकेत ३६ मेगापिक्सेलचा भाऊ अगोदरच बाजारात होता! खरा प्रश्न असतो प्रकाश झेलणाऱ्या सेन्सरच्या आकाराचा. पावसात मोठे घमेले ठेवले तर जास्त पाणी साठते, तसेच हे. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. एपीएस-सी नावाचा त्याच्या निम्म्याहून कमी क्षेत्रफळाचा. आणि लांबलचक झूमवाले जे कॅमेरे दिसायला भारदस्त असतात, त्यांतील बहुतेकांचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, म्हणजे फुल फ्रेमच्या तिसाव्या हिश्श्याचा. झूम पाहून भुलू नये.

दुसरा हिशेब भिंगाचा. कॅमेऱ्यासोबत मिळणारे स्वस्त झूम भिंग लांबवले की एफ ५.६ वर जाते. एफ १.८ चे भिंग त्याच्यापेक्षा जवळजवळ दहा पट प्रकाश आत घेते. आकडा जितका लहान तितके भिंगाचे तोंड मोठे, हे उलटे गणित एकदा डोक्यात बसले की अर्धे काम झाले. या भिंगात झूम नसते. माणसाने पायांनी पुढे-मागे व्हावे. कार्यकर्त्यांना चालण्याची सवय असतेच.

हात हलल्याने फोटो पुसट होऊ नये म्हणून स्थिरीकरणाची सोय असते. ती चांगली, पण तिच्यावर सारा भरवसा ठेवू नये. ती आपल्या हाताचा कंप थोपवते, समोर टाळ्या वाजवणाऱ्या किंवा लेझीम खेळणाऱ्या पोरांना थोपवत नाही. त्यांच्यासाठी सेकंदाचा १२५ वा भाग किंवा त्याहून वेगवान शटर हवे. मग आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत चढवावा लागतो आणि फोटोत रवाळपणा येतो. येऊ द्यावा. रवाळ चेहरा ओळखू येतो, फिसकटलेला येत नाही. फ्लॅश मारला तर पहिली रांग पांढरी फटक, मागे काळोख, आणि मेणबत्तीचा उजेड गायब.

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य मध्यम करड्या छटेचे असावे असे धरून चालतो. आमच्या भगिनी पांढऱ्या साड्या नेसून ओळीने बसल्या की त्याला वाटते, उजेड फार झाला. तो फोटो काळवंडवतो आणि सावळे चेहरे आणखी बुडतात. उलट काळ्या आकाशाखाली तो उजेड वाढवून ज्योती जाळून टाकतो. म्हणून प्रकाश हाताने कमी-जास्त करण्याचे बटण आणि फक्त चेहऱ्यापुरते मापन करण्याची सोय, या दोन गोष्टी आम्ही प्रत्येक कॅमेऱ्यात आधी पाहिल्या. 'रॉ' स्वरूपात फोटो घेतला तर काळोखातले बारकावे नंतर घरी उजळता येतात, हेही ध्यानात ठेवावे.

सावळ्या कातडीची ही अडचण जुनी आहे. कोडॅकच्या रंगीत फिल्मची छपाई तपासण्यासाठी प्रयोगशाळांत 'शर्ली कार्ड' वापरीत. वर्षानुवर्षे त्यावर गोरीच बाई असे. तिचा रंग जमला की काम जमले! पुढे फिल्ममध्ये तपकिरी छटा सुधारल्या, त्याला चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांच्या तक्रारीही कारण झाल्या. आजही अनेक मोबाईलमधील 'ब्यूटी' सोय न विचारता चेहरा उजळ करते. आमच्या मुलींना आपला रंग असा परस्पर धुऊन मिळावा, हे आम्हाला मुळीच मान्य नाही.

कोल्हापूरला कॅमेऱ्याचे अप्रूप नवे नाही. बाबुराव पेंटर यांनी येथेच देशी कॅमेरा तयार केला, त्यावर 'सैरंध्री' (१९२०) चित्रित झाला, आणि 'सिंहगड' (१९२३) साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. त्यांना दिवे आणता आले. आम्हाला चौकात आहे त्या उजेडातच भागवायचे.

फुल फ्रेम आमच्या शिलकेत बसला नाही. अखेर निकॉनचा २०१५ सालचा डी-७२००, एपीएस-सी सेन्सरचा, वापरलेला घेतला आणि त्याला ३५ मिलिमीटरचे एफ १.८ भिंग. हा कॅमेरा उणे ३ ईव्ही इतक्या मंद उजेडातही फोकस धरतो. माहितीपत्रकात हा आकडा उण्याकडे जितका जास्त तितका चांगला. वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा पडले ते विचारावे. याचे शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेले, आमच्या नगाचे बत्तीस हजार झाले होते. आम्ही दुकानातले दिवे मालवायला लावून फोटो काढले. मालक हसले, पण त्यांनी मालवले.

खजिनदार म्हणाले, "साहेब, मोबाईल असताना कॅमेरा कशाला, असं लोक विचारणार." मोबाईलचा रात्रीचा प्रकार अनेक फोटो एकावर एक रचून करतात, पुतळा छान येतो, हलणारी माणसे विरघळतात. दोन्ही फोटो शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा त्यांनी सही केली.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. त्यामुळे कॅमेरा झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवला आहे. डब्याची किल्ली वस्तीतील बी. एस्सी. करणाऱ्या मुलीकडे आहे. कॅमेरा तीच चालवते. दोन बॅटऱ्या आणि छपाईचा खर्च पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात धरला आहे, कारण फोटो घरोघरी कागदावर द्यायचे, असा ठराव झाला आहे.