खुंटी, भोक आणि सूर

ठाण्याहून बाळकुम ओलांडून कशेळीच्या पुलावर आलं, की खाली खाडी आणि पलीकडे गोदामांच्या रांगा दिसू लागतात. अंजूरफाटा मागे टाकून रिक्षा जुन्या वस्तीच्या गल्लीत शिरली आणि मागांचा खडखडाट सुरू झाला. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासातल्या चमत्कारिक वस्तू पाहायच्या तर लोक मुंबईच्या चोरबाजारात जातात, कर्ण्यांचे ग्रामोफोन न्याहाळतात. मी भिवंडीला आलो, कारण या इतिहासाचं फारसं न वाचलेलं पहिलं प्रकरण मागावर लिहिलेलं आहे.

भिवंडी मुळात खाडीकाठचं बंदर. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याणबरोबर भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठी आरमाराची पायाभरणी झाली. पुढे 1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर परागंदा झाले. त्यातली अनेक कुटुंबं इथे येऊन स्थिरावली. त्यांनी हातमाग आणले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वीज आली तशी हातमागांची जागा यंत्रमागांनी घेतली. तेलंगणातले पद्मशाली आले, त्यांचं पद्मानगर वसलं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिथलं विणकाम मोठ्या प्रमाणावर इकडे वळलं.

ज्या कारखान्यात गेलो तो म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. आत बोलणं ऐकू येत नाही, सगळा व्यवहार हाताच्या खुणांनी चालतो. बरेचसे माग साधं ग्रे कापड काढत होते. कोपऱ्यातल्या दोन मागांवर मात्र नक्षी काढणारी डॉबी बसवलेली होती. माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या जॉबरने, भिवंडीतच वाढलेल्या वयस्क चाचांनी, एक माग बंद करून मला जवळ बोलावलं.

डॉबीवर लाकडी पट्ट्यांची एक माळ फिरत असते. बोटभर रुंदीच्या या पट्ट्यांना ओळीने भोकं, आणि त्यातल्या काही भोकांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या. वर्षानुवर्षांच्या तेलाने पट्ट्या काळ्या झाल्या होत्या, खुंट्यांची डोकी झिजून गुळगुळीत. चाचांनी एका खुंटीवर बोट ठेवलं. "बघा साहेब, खुंटी आहे तिथे वही उठते. नाही तिथे बसून राहते." वही म्हणजे ताण्याचे धागे ओवलेली चौकट. कोणती वही उचलायची हे खुंटी ठरवते, उघडलेल्या फटीतून धोटा जातो, माळ पुढे सरकते. माळेचा फेरा पुरा झाला, की नक्षी पहिल्यापासून सुरू.

ही नुसती विणकामाची युक्ती नाही. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी आपोआप वाजणाऱ्या वाद्याचं वर्णन लिहून ठेवलं, त्यातही फिरत्या दंडगोलावर असेच उंचवटे होते. युरोपात त्याच तत्त्वावर ऑर्गन वाजू लागले. लाकडी पिंपावर खिळे कुठे ठोकायचे, हे आधी कागदावर आखून घ्यावं लागे. 1725 साली फ्रान्समधल्या लिआँ शहरात बाझील बूशों याने भोकं पाडलेल्या कागदाने माग चालवून दाखवला. तो ऑर्गन बनवणाऱ्याचा मुलगा होता. तीनच वर्षांत फाल्कनने कागदाऐवजी एकमेकांना जोडलेले पुठ्ठे आणले. 1738 मध्ये पॅरिसला बासरी वाजवणारा यांत्रिक पुतळा दाखवणारा वोकान्सों पुढे रेशीम कारखान्यांचा तपासनीस झाला आणि त्याने स्वयंचलित माग बांधला. या साऱ्यांचं काम पुरं केलं जॅकार्डने, 1804 मध्ये.

संगीताने मागाला दिलेली ही विद्या मागाने व्याजासकट परत केली. जॅकार्डच्या मागावर पुठ्ठ्यात भोक आलं की सुई आत जाते आणि तेवढा धागा उचलला जातो. 1892 मध्ये पॅरिसच्या गाव्हिओली घराण्याने असेच घडी पडणारे, भोकं पाडलेले पुठ्ठे जत्रेतल्या ऑर्गनला लावले. एका वाद्यावर हव्या तितक्या चाली वाजू लागल्या. पाठोपाठ कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारा 'पियानोला' आला. 1904 मध्ये जर्मनीच्या वेल्टे कंपनीने तर कागदावर वादकाचं प्रत्यक्ष वादन टिपलं. सूर कुठे दाबला, कुठे रेंगाळला, सगळं भोकांत.

तोवर एडिसनचा 1877 चा फोनोग्राफ येऊन गेला होता. त्याने हवेतली लहरच खोदून ठेवली, आणि पुढे हळूहळू खुंट्या आणि भोकं मागे पडली. पण नातं तुटलं नाही. जिनिव्हाचं निकोल फ्रेअर हे खुंट्यांच्या संगीतपेट्यांसाठी नावाजलेलं घराणं. त्याच नावाच्या कंपनीने 1904-05 च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन गाणं मुद्रित केलं. तिच्या तबकड्या पुठ्ठ्यावर सेल्युलॉइड चढवलेल्या असत. पुढे रूढ झालेल्या, मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीत आपल्याकडच्या जंगलातली लाख, दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचा बारीक तंतू मिसळलेला असे. तंतू नसता तर ती तबकडी आणखी ठिसूळ झाली असती. 1935 च्या सुमारास मुंबईत वडाळ्याला 'यंग इंडिया' तबकड्यांचा कारखाना निघाला, तिथे नवख्या गायकांनाही आवाज उमटवायची संधी मिळाली. भिवंडीच्या कापडात आणि त्या काळ्या तबकड्यांत एकच कापूस होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता जुने माग वजनावर भंगारात जात आहेत. त्यांच्या जागी बिनधोट्याचे रॅपियर माग येतात, जॅकार्डचे पुठ्ठे जाऊन संगणकाची फाइल येते. विणकराचं काम हलकं होत असेल तर ते चांगलंच आहे. पण गाणं आणि कापड एकाच खुणांनी लक्षात ठेवणारी ही पट्ट्यांची माळ भंगाराबरोबर जाता कामा नये. ग्रामोफोन जपणारी मंडळी आपल्याकडे आहेत. त्यांच्या संग्रहात कर्ण्याच्या शेजारी भिवंडीची एक चालू डॉबी मांडावी, आणि ती फिरवून दाखवायला इथलाच जॉबर बोलवावा. माळ बनवणारे आणि खुंट्या वाचू शकणारे हात अजून या गल्ल्यांत आहेत, तोवरच हे करता येईल.