तेराजणींत गोफ कसा विणायचा?

कोकणात एकटी राहणारी आजी असेल, तर मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांत एक वाक्य कायम फिरत असतं: "आता तिला इकडे आणायला हवं." आमच्याकडे ते गेल्या पावसाळ्यात सुरू झालं. आजी पडवीत घसरली, मनगट मोडलं. वय ७४. बाबांनी डोंबिवलीच्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी केली, बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवले. आजीला काळजी होती ती गोफाची.

आजी रत्नागिरीत झाडगावला राहते. तिच्या आळीतल्या १४ बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या, आठवड्यातून तीन संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात जमून मंगळागौरीचे खेळ खेळतात. श्रावण असो वा नसो. आजीचा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा मी महिनाभर तिच्याकडे राहून ऑफिसचं काम केलं आणि तिच्याबरोबर तिथे गेले. पहिल्याच दिवशी तिची निळी दोरी माझ्या हातात आली.

गोफ म्हणजे वरून सोडलेल्या रंगीत दोऱ्या हातात धरून, गाण्याच्या तालावर एकमेकींच्या आतून-बाहेरून फिरत विणलेली वेणी. खरी परीक्षा त्यानंतर. तीच पावलं उलटी टाकून वेणी उलगडायची. कुणी कुणाच्या डावीकडून गेलं होतं, हे सगळं लक्षात ठेवून. मला धाप लागली होती आणि आजी खुर्चीवरून सांगत होती, "आता आतून जा गो, आतून!" गुडघे दुखणाऱ्या आणखी दोघी तिच्या शेजारी बसून गाणं सांगत होत्या. तिथे नुसतं बघायला कुणी येत नाही.

पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद सांभाळणारा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा एक अभ्यास झाला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक छंदांपैकी फक्त नाचणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी दिसलं. नाचामुळेच तो टळतो, हे त्यावरून सिद्ध होत नाही. पण गोफ उलगडताना डोक्याला काय काम पडतं, ते मी अनुभवलंय.

बाबांनी आजीला स्मार्टवॉच दिलं होतं. ते कपाटात आहे. "मी चालले काय, बसले काय, त्या घड्याळाला काय फरक पडतो?" असं तिचं म्हणणं. सभामंडपात मात्र फरक पडतो. एक जण आली नाही की जोडी मोडते, आणि लगेच फोन येतो: "अगो, येत्येस ना?"

हा फोन तिला सहज मिळालेला नाही. मंगळागौर ही नव्या नवरीची पूजा. आजीच्या लहानपणी तिची विधवा आत्या त्या रात्री स्वयंपाकघरात राबायची, खेळायला बाहेर यायची नाही. विधवेशी लग्न केलं म्हणून धोंडो केशव कर्व्यांवर १८९३ मध्ये बहिष्कार घालणारं मुरूड याच जिल्ह्यातलं. आजोबा गेल्यावर आजीही दोन वर्षं मंडपाकडे फिरकली नाही. शेवटी तिघीजणी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि तिला घेऊनच गेल्या. आज त्या १४ जणींपैकी सहाजणींचे नवरे हयात नाहीत. "तिथे कुंकू बघत नाहीत, गाणं पाठ आहे का ते बघतात," आजी म्हणते.

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुषांनी नोकरीसाठी मुंबई गाठायची, बायकांनी घर, शेत आणि म्हातारी माणसं सांभाळायची, असं इथे पिढ्यानपिढ्या चाललं. एकमेकींच्या दारात जाऊन उभं राहणं या बायकांना नवीन नाही.

बाबांची भीती खोटी नाही. आजी रात्री पुन्हा पडली, तर सकाळपर्यंत कुणाला कळणार? म्हणून आम्ही झाडगावच्या बाथरूममध्येही दांडे बसवले आणि घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. बाबांचं समाधान झालेलं नाही. डोंबिवलीतही ज्येष्ठ नागरिक संघ आहे, दिवाळीनंतर बघू, असं ते म्हणतात.

आजीने त्यांना एवढंच विचारलंय: तेराजणींत गोफ कसा विणायचा?