नवारीचा पट्टा

मुलाला शाळेच्या गॅदरिंगमध्ये गिटार वाजवायची होती. "नानांची आहे की घरात," असं म्हणून त्यानं माळ्यावरची केस खाली काढली. केस उघडली आणि मी जागीच बसले. 2010 साली मीच मोठ्या हौसेनं आणलेला काळा चमकदार पट्टा गिटारीच्या अंगाला चिकटून बसला होता. ओढला तर कागद फाटल्यासारखा आवाज झाला. पट्टा निघाला, पण खाली दोन बोटं रुंदीचा चिकट, निस्तेज डाग राहिला. पट्ट्यावरची नक्षीसुद्धा पॉलिशवर उमटली होती.

ही अब्बांची गिटार. दिवसा कचेरीत कारकुनी करायची आणि रात्री ऑर्केस्ट्रात वाजवायचं, असा त्यांचा अर्धा जन्म गेला. लग्नाचा हंगाम, उरूस, गणपतीचे दहा दिवस, अब्बा कधीच घरी नसायचे. काही नातेवाईक गाणंबजावणं म्हणजे गुनाह असं सुनवायचे. अम्मीची तक्रार धर्माची नव्हती. रात्री दोन वाजता कडी वाजेपर्यंत तिला झोप लागायची नाही, ही होती. गिटारीला ती 'सौतन' म्हणायची. हसत म्हणायची, पण म्हणायची.

अब्बा गेले. चाळिसावा झाल्यावर मी गिटार पुसली. जुना चामड्याचा पट्टा तुटला होता. मला वाटलं, अशी उघडीबोडकी कशी ठेवायची? म्हणून दुकानात जाऊन सगळ्यांत चकचकीत रेक्झिनचा पट्टा घेतला, अंगाभोवती गुंडाळला, केस बंद केली आणि माळ्यावर ठेवली. वर पत्रा, उन्हाळ्यात भट्टी. त्यानंतर तेरा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. मी याला आदर समजत होते.

कोल्हापूरहून मिरज तासाभराच्या अंतरावर. गिटार घेऊन तिथल्या एका जुन्या तंतुवाद्य कारागिराकडे गेले. मिरजेत सतार-तंबोऱ्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तलवारींना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, अशी त्याची सुरुवात. 2024 मध्ये इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. चाचांनी डागावरून नखाची मागची बाजू फिरवली, वास घेतला आणि म्हणाले, "एनसी आहे. बेटी, हिला रेक्झिन कायकू बांधलं?"

मग त्यांनी समजावलं. घरी आल्यावर मीही वाचलं. पीव्हीसी मुळात कडक असतं, नळाच्या पाइपासारखं. त्याचं मऊ रेक्झिन करायचं तर त्यात तेलासारखं द्रव्य मिसळावं लागतं. हे द्रव्य प्लॅस्टिकशी पक्कं जोडलं जात नाही. उष्णता आणि दाब मिळाला की हळूहळू बाहेर झिरपतं. इकडे एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर, हे नुसतं वाळून बसलेलं पॉलिश. थिनर लागला की वर्षांनंतरही विरघळतं. रेक्झिनमधलं ते द्रव्य त्याला तसंच मऊ करतं. पीयू पॉलिश वाळताना आतून जोडलं जातं, त्यामुळे ते बरंच टिकतं. पण त्यावरही रंगाचा डाग पडू शकतो. रबराचंही भय सारखंच. गिटार टेकवायच्या स्टँडवरच्या रबरी नळ्या, पट्ट्याच्या आतला रबरी गादीचा थर, सगळं एनसीचं वैरी.

मी विचारलं, "मग तुम्ही सतारीला काय घालता?" चाचांनी कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे बोट केलं. त्यावर साधी सुती गवसणी होती. मी शाळेत 'आकाशाला गवसणी घालणे' हा वाक्प्रचार दरवर्षी शिकवते, वाक्यात उपयोग करायला लावते. गवसणी म्हणजे वाद्याची खोळ, हेही सांगते. पण ती सुतीच का, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. सूत घाम शोषतं, हवा खेळती ठेवतं आणि स्वतःतलं काही सोडत नाही.

डागाचं काय करू? स्पिरिट लावू नको, थिनर लावू नको, घासू नको, असं ते म्हणाले. उघड्यावर ठेव. चिकटपणा कमी होईल, डाग राहील. आवाजाला काही झालेलं नाही.

परत येताना बसमध्ये मला घरातलं जुजदान आठवलं. कुराणशरीफ आपण रेशमी जुजदानात गुंडाळतो, सर्वांत उंच फळीवर ठेवतो. अनेक घरांत ते तिथून खाली फक्त रमजानात येतं. गिटारीची त्याच्याशी तुलना नाही, तोबा. पण सवय आपलीच. ज्याचा मान ठेवायचा ते हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवायचं. गिटार रोज वाजली असती तर पट्टा रोज निघाला असता, अंग पुसलं गेलं असतं, डाग पहिल्याच महिन्यात दिसला असता. ती वापरानं खराब झाली नाही. माझ्या बंद आदरानं झाली.

नवा पट्टा कशाचा करायचा, हा प्रश्न अम्मीनं सोडवला. खाटेची उरलेली नवार तिनं पेटीतून काढली. मला शंका, सुती आहे की नायलॉनची? हल्ली दोन्ही मिळतात. अम्मीनं एक धागा काडीनं पेटवला. कागद जळल्याचा वास आला आणि राख बोटात चुरली. नायलॉन असतं तर वितळून कडक मणी झाला असता. मग तिनं नवार दोनदा धुतली आणि ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहिली. रंग सुटत नव्हता. गडद रंगाचा सुती पट्टाही घामानं रंग सोडतो, म्हणून ही परीक्षा हवीच.

टोकांना भोकं पाडायची तर चामडं हवं, नाहीतर पट्टा खुंटीवरून निसटतो. ते कोल्हापुरातच मिळालं. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं असतं. कारागिराला सांगितलं, रंग नको, तेल नको, कोरंच दे. बकल मात्र खांद्यापाशी येईल असं बसवून घेतलं. खाली आलं असतं तर धातूनं ओरखडे काढले असते. सगळा खर्च त्या रेक्झिनच्या पट्ट्याहून कमी झाला.

शिवण अम्मीनं हातानं घातली. चष्मा पुढे ओढून, दुहेरी दोऱ्यानं. मी म्हटलं, "सौतनसाठी शिवतेस?" ती म्हणाली, "नातवासाठी." थोड्या वेळानं म्हणाली, "अब इत्ती बुड्ढी हो गई, क्या झगडना उससे."

गॅदरिंग झालं. मुलगा दोन ठिकाणी चुकला, टाळ्या मिळाल्या. आता तो रोज संध्याकाळी वाजवतो. डाग तसाच आहे, त्याच्या कोपराखाली येतो. नियम एकच ठरला आहे. वाजवून झालं की पट्टा काढून दाराजवळच्या खिळ्याला, गिटार सुती कपड्यानं पुसून जागेवर. पट्टा कितीही चांगला असला तरी वाद्यासोबत बंद करायचा नाही.

तो कधीकधी विसरतो. मग दिवे मालवल्यावर आतल्या खोलीतून अम्मीचा आवाज येतो, "पट्टा निकाला क्या रे?" उत्तर येईपर्यंत तिला आजही झोप लागत नाही.