मुंबई ते जेद्दाह : पाच तासांची वाट

मुंबई ते जेद्दाह हे हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर. थेट विमानाला जाताना पाच ते साडेपाच तास लागतात. रत्नागिरीहून मुंबई जेमतेम त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी. पण घाट आणि रस्त्याची कामे पार करत विमानतळ गाठायला आम्हाला नऊ तास लागले. सत्तरी ओलांडलेली अम्मी म्हणाली, "मक्का जवळ आहे रे, मुंबईच लांब!"

घड्याळाचा हिशोबही मजेशीर आहे. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. रात्री साडेदहाला निघालेले विमान सव्वापाच तासांनी उतरते, तेव्हा तिथे सव्वा वाजलेला असतो. परतताना वारा पाठीशी असल्याने प्रवास थोडा लवकर संपतो, पण घड्याळ अडीच तास पुढे गेलेले असते. म्हणून औषधांच्या वेळा आधीच लिहून ठेवाव्यात.

दादी हजला गेली ती मुंबईहून जहाजाने. आठवड्याहून अधिक दिवस समुद्रावर. तेवढ्या दिवसांत दुआ पाठ व्हायच्या, मसले विचारून घेतले जायचे. लाल समुद्रात यलमलमच्या समोर जहाज येण्याआधी एहराम बांधण्याची सूचना मिळायची. 1995 नंतर जहाजे बंद झाली आणि शिकण्याचे ते दिवसही गेले.

विमानात मीकात आकाशातच येते, उतरण्याच्या साधारण अर्धा तास आधी. आमच्या विमानात सूचना झाली तेव्हा शेजारच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ घाबरून उठले. त्यांचा एहराम मोठ्या बॅगेत होता आणि ती बॅग विमानाच्या पोटात. उमऱ्याला निघालेला माणूस एहरामशिवाय मीकात ओलांडून गेला, तर त्याला मागे मीकातवर जावे लागते, नाहीतर दम म्हणून कुर्बानी द्यावी लागते. त्यांचे हात थरथरत होते. अम्मीने आमच्या हातातल्या पिशवीतून जादा चादरींची जोडी काढून दिली. ते कपडे बदलून आले, नियत केली आणि "लब्बैक" म्हणताना त्यांचा गळा दाटून आला.

तेव्हा जाणाऱ्यांना आमचे एवढेच सांगणे : गुसल घरीच करावे, एहराम विमानतळावरच बांधावा, नियत मात्र मीकात जवळ आल्यावर केली तरी चालते. डोळा लागण्याची भीती असेल तर आधीच करावी. घरात वडीलधारे असतील तर महिनाभर आधीपासून रोज अर्धा तास त्यांच्यासोबत बसून उमऱ्याची पद्धत वाचावी आणि थोडे चालण्याचा सरावही करावा. कारण जेद्दाहहून मक्का रस्त्याने जेमतेम 80 किलोमीटर असली, तरी तवाफ आणि सई पायांनीच करायची असते.

अल्लाह प्रत्येक घराला ही वाट नसीब करो. आमीन.