उन्हाळी शाळा

मार्चच्या सुरुवातीला ऑफिसमध्ये एच.आर.ची मेल आली. आठ तारखेला महिला दिन, त्यानिमित्त प्रत्येकाने आपल्या आयुष्यातल्या एका स्त्रीवर एक स्लाईड करायची. डावीकडे फोटो, उजवीकडे पाच ओळी. थीम होती 'रेझिलियन्स'. अशा मेल्स मी एरवी न वाचता उडवतो, पण ही वाचली आणि म्हटलं, हे तर आपल्याला पाठच आहे. आईची गोष्ट!

ती अशी. माण तालुका, म्हणजे सातारा जिल्ह्यातला कायम पावसाची वाट बघणारा भाग. आजोबा मुंबईला गिरणीत होते, १९७१ साली गेले. घरात आजी, दोन मुली आणि सहा वर्षांचा मामा. दोन एकर जिराईत. त्यात १९७२ चा दुष्काळ. अशा घरातली ही मुलगी १९७६ साली दहावी झाली, साताऱ्याला रयतच्या शाळेत कमवा आणि शिका करत डी.एड. केलं, १९७९ ला जिल्हा परिषदेत शिक्षिका म्हणून लागली आणि २०१८ ला मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झाली. पाच ओळींत बसते की नाही बघा. मी स्लाईड केलीसुद्धा. फक्त एक बरासा फोटो हवा होता, म्हणून रात्री आईला फोन लावला.

"कशाला हवाय फोटो?" आईने विचारलं. मी सांगितलं. मग स्लाईड वाचून दाखवली. मला वाटलं खूश होईल.

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, "यात आक्का कुठे आहे?"

आक्का म्हणजे आईची थोरली बहीण, माझी आक्कामावशी. मी म्हटलं, अगं, पाचच ओळी आहेत, आणि एकाच बाईबद्दल लिहायचंय.

"मग आक्काबद्दल लिही," आई म्हणाली. "माझा फोटो नको लावूस."

आई शिक्षिका असल्यामुळे एकदा नाही म्हटलं की विषय संपतो. पण त्या रात्री तिने फोन ठेवला नाही. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ती बोलत होती आणि मी, चाळिशी ओलांडलेला माणूस, आपल्याच घरातली गोष्ट पहिल्यांदा ऐकत होतो.

बहात्तरचा दुष्काळ आमच्या पिढीला 'लाल मिलो' एवढ्यावरच माहीत. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी रेशनवर मिळायची, तिची भाकरी कशी लागायची हे घरोघरच्या म्हाताऱ्या तोंड वाकडं करून सांगतात. पण तो एका वर्षाचा दुष्काळ नव्हता. १९७० पासून पाऊस दगा देत होता, बहात्तरला त्याने कळस केला. विहिरी आटल्या, गुरं मातीमोल भावात गेली. सरकारने दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग आणि खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं अशा कामांवर होती. त्या ५० लाखांत आमची आजी होती, आक्कामावशी होती, आणि सातवीची परीक्षा संपल्यावर उन्हाळाभर आईसुद्धा.

आक्का तेव्हा पंधरा वर्षांची. नाव घालताना वय अठरा सांगितलं. तिथे कोण दाखला मागतोय? सकाळी मिलोची भाकरी बांधून घ्यायची, दोन-तीन मैल चालत जायचं, दगडाच्या ढिगापाशी बसायचं. डोक्यावर पदर, हातात हातोडी. दुपारी सुकडी मिळायची, ती निम्मी खाऊन निम्मी मामासाठी पदरात बांधायची. पैसे मापावर. खडीचे ढीग लावायचे, आठवड्याला कारकून येऊन मोजणार, शंभर घनफुटांचा एक ब्रास, त्या हिशेबाने मजुरी. आईच्या आठवणीप्रमाणे दिवसाला दोन-अडीच रुपये पडायचे, तेही हात चालला तर.

"माझा नाही चालायचा," आई म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी फोड आले. माझा ढीग वाढतच नसे. संध्याकाळी बघावं तर थोडासा वाढलेला असायचा. आक्का तिच्यातली खडी गपचूप माझ्यात लोटायची, कारकुनाने मला काढू नये म्हणून."

मग ती मापाची गोष्ट आली. खडीचा ढीग खाली रुंद असतो, वर निमुळता. कारकून वरची रुंदी धरून माप लिहायचा. खाली पाच फूट, वर तीन फूट, लांबी दहा, उंची दोन. याने लिहायचं तीन गुणिले दहा गुणिले दोन, साठ घनफूट. दोन-तीन आठवडे आक्काने बघितलं आणि एक दिवस उभी राहिली. म्हणाली, वरची आणि खालची बेरीज करून निम्मी धरा. चार गुणिले दहा गुणिले दोन, ऐंशी होतात. आमचे वीस फूट कुठं गेले?

कारकून हसला. पण त्या दिवशी ओव्हरसीयर साहेब आलेले होते, त्यांनी ऐकलं. फूटपट्टीने मोजलं, कागदावर आकडेमोड केली आणि त्या रांगेतले सगळे ढीग पुन्हा मोजायला लावले. मग आक्काला विचारलं, "किती शिकलीस?"

"सातवी पास."

"मग इथे काय करतेस?"

"खडी फोडते," आक्का म्हणाली.

साहेब पुढे काही बोलले नाहीत. काय बोलणार?

इथे मी आईला थांबवलं. "एक मिनिट. आक्कामावशी सातवी पास आहे?"

"पास काय, केंद्रात पहिली आली होती. एकाहत्तरला. दादा त्याच वर्षी गेले आणि तिची शाळा तिथेच राहिली. गणितात मी तिच्या पासंगालाही पुरत नव्हते. आमचे गुरुजी दोनदा घरी येऊन गेले तिच्यासाठी."

मी गप्प बसलो. त्याचं कारण सांगतो.

१९९४ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो, मे महिन्याच्या सुट्टीत आक्कामावशीकडे गेलो होतो. कसली तरी लग्नपत्रिका आली होती, ती माझ्या हातात देऊन मावशी म्हणाली, "वाच रं बाळा, मला दिसत न्हाय." मी मनाशी ठरवून टाकलं की मावशीला वाचता येत नाही. त्या वेळी साक्षरता मोहिमेची हवा होती, शाळेत आमच्याकडून घोषणा म्हणवून घ्यायचे. झालं! मी रोज दुपारी आक्कामावशीची शाळा सुरू केली. पडवीत तिला समोर बसवायचो, पाटीवर मोठी मोठी अक्षरं काढून द्यायचो आणि ती गिरवायची. अ अननसाचा, आ आईचा. चुकली की पुन्हा काढायला लावायचो. एकदा ओरडलोही होतो. महिनाअखेर परीक्षा घेतली, पहिला नंबर दिला (वर्गात एकच विद्यार्थिनी!) आणि बक्षीस म्हणून लिमलेटची गोळी. सुट्टीवरून परत आल्यावर 'मी केलेले समाजकार्य' असा निबंधही लिहिला. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

हे सगळं मी आईला आठवण करून दिलं.

"माहितीये मला," आई म्हणाली. "तुझं अक्षर बिघडू नये म्हणून ती चुका करायची. तुला परत परत नीट काढावं लागायचं ना."

"मग पत्रिका का वाचली नाही तिने?"

"डावा डोळा. खडीची कपची उडाली होती त्या उन्हाळ्यात. तेव्हा कोण डॉक्टर आणि कोण काय. बारीक अक्षर तिला तेव्हापासून त्रासाचंच. तुझ्या पाटीवरचं दिसायचं."

आणि घरी यायची ती पोस्टकार्डं? वाटोळ्या, टपोऱ्या अक्षरातली, 'आक्काचा आशीर्वाद' असा शेवट असलेली? ती मावशीची मुलगी लिहिते असं मी धरून चाललो होतो. विचारलं कधीच नाही.

१९७३ च्या जूनमध्ये प्रश्न होता तो असा. गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला तालुक्याच्या गावी राहायचं, म्हणजे महिन्याचं धान्य आणि वर थोडे पैसे. आजी म्हणाली, तीन हात कमवतायत म्हणून चूल पेटतेय, धाकटीलाही कामावरच राहू दे. आजीचंही चुकलं असं म्हणता येत नाही. तेव्हा आक्का म्हणाली, "ती शाळंत जाईल. तिची खडी मी फोडते." बस, एवढंच. पुढे पाऊस झाला, दुष्काळी कामं बंद झाली, तर ती दुसऱ्याच्या शेतात जाऊ लागली. चौऱ्याहत्तरला तिचं लग्न झालं. सतरा वर्षांची होती आणि ते कायद्याला धरूनच होतं, मुलींचं वय अठरा झालं ते १९७८ च्या दुरुस्तीने. सासरहूनही दर दिवाळीला आईच्या नावाने बाजरीचं पोतं यायचं, ते कसं काय जमवायची ते तिलाच माहीत.

आमच्या धंद्यात 'रेझिलियन्स' हा शब्द रोजचा आहे. एखादा सर्व्हर बंद पडला तरी सिस्टीम चालू राहिली पाहिजे. ती चालू कशी राहते? तर त्याचा लोड दुसऱ्या कुठल्या तरी सर्व्हरवर जातो म्हणून. बाहेरून बघणाऱ्याला कळतही नाही. डिझाईन रिव्ह्यूला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो, लोड कुठे जाणार? हे मी गेली वीस वर्षं लोकांना विचारतोय आणि स्वतःच्या आईच्या गोष्टीत मात्र कधी विचारलं नाही.

रयतचंच बघा ना. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी संस्था काढली, हे सातारा जिल्ह्यात कुणालाही विचारा. पण वसतिगृहातल्या पोरांना जेवायला घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, आणि १९३० मध्ये त्या गेल्या, हे किती जण सांगतील? आईला डी.एड.च्या वेळी जे ताट मिळालं त्यामागे अशी एक बाई होती, आणि ताटापर्यंत पोचवणारी दुसरी बाई माणमध्ये खुरपत बसली होती.

आणि त्या कामांचं म्हणाल, तर वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना याच दुष्काळात कसाला लागली. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच वर्षी आई नोकरीला लागली, पहिला पगार आक्काच्या हातात ठेवायला गेली. आक्काने त्यातले पाच रुपये घेतले, बाकीचे परत केले. आई हे सांगताना थांबली, मग म्हणाली, "मला अजून तो राग आहे." पंचेचाळीस वर्षांच्या वर झाली. मी विचारलं, राग कसला? "घ्यायला हवे होते तिने. माझ्या अंगावर तसंच राहिलं ते."

मला तोवर वाटायचं की आई ते सगळं मागे टाकून आली. तसं काही नसतं बहुतेक.

असो. दुसऱ्या दिवशी एच.आर.ला विचारलं, दोन फोटो चालतील का. तर म्हणे टेम्प्लेटमध्ये एकच बॉक्स आहे. मी स्लाईड पाठवली नाही.

आक्कामावशीला मात्र फोन केला. ती आता अडुसष्ट-एकोणसत्तरची असेल. गुडघे गेलेत, पण आवाज खणखणीत. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "मावशी, तुला वाचता येत होतं. मला सांगितलं का नाहीस?"

"आरं, येत न्हाय आसं मी कवा म्हनलं?"

खरंच की. तिने म्हटलं नव्हतंच.

"मग महिनाभर माझ्यासमोर बसून अ आ इ ई का गिरवत होतीस?"

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. कुणीतरी पाणी आणून दिल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्या घरात दुपारचं मला कोन बसू देत हुतं का? सासू, सासरा, चार म्हसरं, मळनीची मानसं. तू म्हनायचास, मावशीची शाळा हाय, कुनी हाक मारायची न्हाय. शहरातला पावना, तुला कोन बोलनार? रोज तासभर बसायला मिळायचं बघ."

थोडं थांबून म्हणाली, "सुट्टी संपली आन् तू गेलास, तवा लई वंगाळ वाटलं."

हे लिहू का म्हणून विचारलं, तर म्हणाली, लिही, पर माझं नाव घालू नको. म्हणून घातलेलं नाही.

येत्या मे महिन्यात आठ दिवसांची रजा टाकली आहे. मावशीकडे जाणार आहे, आईलाही नेणार आहे. दुपारी पडवीत मी बसणार आहे आणि ढिगाचं माप कसं काढायचं ते मावशी मला शिकवणार आहे. चुकलो तर ओरडायची तिला मुभा आहे.