कोंडाण्याच्या कातळात राहिलेला राजवाडा

सातवाहनकाळातले राजवाडे कसे दिसत असतील, याचा शोध किल्ल्यांवर घेण्यात अर्थ नाही. तो लेण्यांत घ्यावा, असं माझं मत आहे. कर्जत तालुक्यातलं कोंडाणं त्यासाठी उत्तम. वर राजमाचीचा किल्ला, त्याच्या पोटात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचं चैत्यगृह आणि विहार. खोपोलीकडून बोरघाट चढणारा व्यापार दोघांनीही जवळून पाहिला, पण राजमाचीचे आजचे तटबुरूज लेण्यांहून कितीतरी शतकं अलीकडचे. त्या काळचे वाडे लाकडाचे होते, ते कुजले, जळाले. पाटलीपुत्राची तटबंदी लाकडी असल्याचं मेगॅस्थेनिसनं लिहिलं आणि पाटण्याच्या बुलंदीबागेतल्या उत्खननात ती सापडलीही. राजधानीची ही गत, तर घाटाखालच्या ठाणेदाराच्या वाड्याचं काय उरणार?

उरलं ते भिक्खूंच्या कातळात. कोंडाण्याच्या विहारात छताकडे मान वर करून पाहावं: दगडातच तुळया कोरल्या आहेत. त्यांच्यावर कसलाही भार नाही. डोंगर स्वतःच्याच बळावर उभा आहे. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नालाकृती कमानी, जाळ्या, वेदिकेचे कठडे असे एकावर एक मजले रचले आहेत, ज्यांत कुणी कधी राहिलं नाही. यावर आक्षेप येतो की ही निव्वळ नक्षीची रूढी, तिचा खऱ्या इमारतींशी संबंध कशाला जोडायचा? पण भाजे-कार्ल्याच्या लेण्यांत छताला खऱ्या लाकडी फासळ्या अजून आहेत, आणि भाज्याचे खांब आत कललेले आहेत. कमानदार लाकडी छताचा रेटा बाहेरच्या बाजूला येतो, तो पेलायला सुतार खांब कलता रोवतो. कातळातल्या खांबाला त्याची गरजच नाही. रूढी असेलही, पण ती बांधकामाच्या अनुभवातून आलेली आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही सुतारकी साध्या घराचीही असू शकेल, राजवाड्याचीच कशावरून? इथं भारहूतचा स्तूप मदतीला येतो. तिथल्या एका शिल्पातल्या मजलेदार इमारतीवर तो इंद्राचा वैजयंत प्रासाद असल्याचं कोरलेलं आहे, आणि तिला हेच कठडे, हीच नालाकृती गवाक्षं आहेत. देवांच्या राजाला शिल्पकारानं झोपडी दिली नसणार. बुद्धाच्या स्तूपाला त्याच थाटाचं घर द्यावं, हे ओघानंच आलं. कोंडाण्याच्या दर्शनी भागावरच्या लेखात कण्हाचा शिष्य बलक यानं हे काम केल्याचं म्हटलं आहे. म्हणजे हात गुरूकडून तयार झालेला. तो आधी लाकडावर चालला की दगडावर, हे लेख सांगत नाही. पण सांचीचं एक तोरण विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरलं, तेव्हा कारागीर एका माध्यमातून दुसऱ्यात जात, एवढं नक्की.

आयर्लंडमध्येही असंच दिसतं. तिथल्या आरंभीच्या मठांनी गढ्यांसारखे गोल तट घेतले आणि दगडी चर्चच्या कोपऱ्यांवर लाकडी खांबांची आठवण ठेवली. फरक इतकाच की तिथं जुन्या दगडी गढ्या शिल्लक आहेत, म्हणून तुलना करता येते. आपल्याकडे राजमाचीखाली तुलनेची एकच बाजू हाती आहे, आणि ती मठाची.