धायरीच्या गोठ्यातला सिनेमा

स्वारगेटहून धायरीची बस धरली की ती सिंहगड रस्त्याला लागते आणि इमारतींची रांग काही केल्या सुटत नाही. वडगाव गेलं, धायरी फाटा आला, तरी शहर कुठं संपलं हे नवख्याला उमगत नाही. पुणे महापालिकेनं 2017 साली जी 11 गावं आपल्यात घेतली त्यांत धायरीही होती. कागदोपत्री आता हे शहरच. पण टेकडीवरच्या धारेश्वराला महाशिवरात्रीच्या दिवशी जाऊन पाहावं, जुनं गाव तिथं भेटतं. इमारतींच्या पाठीमागं पत्र्याच्या शेडांतून लहान लहान कारखाने आहेत आणि त्यांच्या मधेच एखादा गोठा अजून तग धरून आहे.

अशाच एका गोठ्यात आम्ही सिनेमा होताना पाहिला. आम्ही म्हणजे मी आणि आमच्या गावचे आबा. आबांचा धाकटा चार वर्षं धायरीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहतो. लग्नसराईत लग्नांचं चित्रीकरण करतो आणि खाऊनपिऊन उरेल ते सिनेमात घालतो. गेल्या साली पैसे लावतो म्हणणाऱ्या एका गृहस्थानं ऐन वेळी अंग काढून घेतलं. आबा निघाले होते ते त्याला घरी आणायलाच. कांदा काढणीला माणूस मिळत नाही आणि घरचा तरणा गडी परक्याच्या वरातीपुढं कॅमेरा घेऊन चालतो, हे त्यांना सोसवत नव्हतं. ज्यांच्या घरी असा एखादा मुलगा आहे, त्यांना आणखी काय सांगावं?

वार गुरुवार होता. पुण्याकडच्या कारखान्यांना बहुधा गुरुवारीच सुट्टी असते, म्हणून पोरांनी तो दिवस धरलेला. एरवी पत्रा कापण्याच्या आवाजात माणसाचं बोलणं टिपता येत नाही. एकूण पाच जणं. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला गोधड्या टांगलेल्या. सावलीतल्या चेहऱ्यावर ऊन परतवायला थर्मोकोलचा पांढरा तक्ता. कॅमेरा दिवसाच्या भाड्याचा, संध्याकाळी परत करायचा. गोष्ट साधी होती. इमारतींच्या गराड्यात एका म्हातारीची शेवटची गाय राहिली आहे, एवढीच. म्हातारीचं काम करणाऱ्या बाई नाटकातल्या.

आबांना बसायला पाट दिला, चहा दिला, आणि थोड्या वेळानं हातात तो थर्मोकोलचाही तक्ता दिला! धरणारा पोरगा वडापाव आणायला गेला होता.

मग ढग आला आणि सगळं थांबलं. ऊन पडण्याची वाट पाहणं आपल्याला नवं नाही, पण कॅमेऱ्याचं भाडं चालू असताना ती पाहणं जरा वेगळं. त्या वेळात मी आबांना दादासाहेब फाळक्यांचा वाटाणा सांगितला. 1912 साली फाळक्यांनी वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्र घेतलं. पडद्यावर तो वाटाणा मिनिटभरात मातीतून वर येऊन वेल झाला. ते पाहून भांडवल मिळालं आणि 3 मे 1913 रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यापायी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, वर फिल्मला भोकं पाडायचं कामही केलं. आबांनी सगळं शांतपणे ऐकून विचारलं, “आणि शेंगा धरल्या का?”

याच पुण्यात सुमित्रा भावे समाजकार्याच्या शिक्षणातून सिनेमाकडे आल्या. वस्तीतल्या बायकांचं जगणं मांडायला 1985 साली त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. पुढं सुनील सुकथनकरांच्या जोडीनं त्या थोड्या पैशांत सिनेमे करत राहिल्या. त्यांच्या ‘कासव’ला 2016 सालचं सुवर्णकमळ मिळालं. म्हणजे तीस वर्षं झाली होती. मधली वर्षं काही पुरस्काराच्या वाटेकडे डोळे लावून काढता येत नाहीत. ती रोजच्या कामातच गोड लागावी लागतात, असं मला वाटतं.

जुन्नर तालुक्यातल्या मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (2008) आबांनी टीव्हीवर पाहिलेला. त्यातल्या चितंग्या बैलाचं नाव काढलं तर अजून त्यांचा आवाज बसतो. पण ‘मंथन’ची हकिगत त्यांना नवी होती. श्याम बेनेगलांच्या त्या 1976 च्या सिनेमाला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी माणशी दोन रुपये दिले होते. सिनेमा लागला तेव्हा माणसं ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेली. आबा स्वतः डेअरीचे सभासद. “दोन रुपये म्हणजे त्या वेळी काही थोडे नव्हे,” एवढंच बोलले.

ढग सरला. नाटकातल्या बाई चरवी घेऊन गाईखाली बसल्या. एकदा झालं, दोनदा झालं, पण गाय लाथा झाडी आणि दुधाचा थेंब नाही. गोठ्याचे मालक रतिबाला गेलेले. पोरगा घामाघूम, पण चेहरा कसा? पहिल्या पावसात वापसा बघायला शेतात गेलेल्या माणसासारखा. तिसऱ्या वेळी आबांनी तक्ता खाली ठेवला.

“अरे, वासरू कुठं बांधलंय तुम्ही?”

“पलीकडं, आबा. मधे मधे येतंय.”

“मग ती पान्हा सोडेल कशाला? आधी वासरू लाव. आणि बाई, तुम्ही अशा समोरून बसू नका. कुशीला टेकून बसा, हात फिरवा तिच्यावरून.”

वासरू आणलं. दोन ढुशा दिल्यावर गाईनं पान्हा सोडला. चरवीत धारेचा आवाज झाला तसा कानाला यंत्र लावलेल्या पोरानं डोळे मिटून घेतले. कॅमेऱ्यामागं धाकटा नुसता हसत होता.

परतीची गाडी सहाची होती. पाच वाजले तरी आबांनी घरी येण्याचा विषय काढलेला नव्हता. त्यांचं म्हणणं, वासराला धरायला माणूस नीट उभा नव्हता, आणखी एकदा घ्या.